नाण्याची प्रत आणि पारख्याचा अधिकार

संग्रही असलेल्या नाण्याची प्रत एखाद्या व्यावसायिक संस्थेकडून ठरवून घ्यावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा आहे. शुल्क किती जाईल आणि विकताना भाव किती चढेल, एवढेच त्यात दिसते. हिशेब मांडायला बसले की मात्र त्याच्या तळाशी एक जुना वाद लागतो. एखादी वस्तू अस्सल आहे, चांगली आहे, हे ज्ञान ती पाहतानाच पुरे होते, की ते खरे ठरायला दुसऱ्या कुणाची साक्ष लागते? आणि लागत असेल, तर त्या साक्षीदाराची पारख कुणी करायची? भारतीय दर्शनांनी हा वाद ‘प्रामाण्यवाद’ या नावाने शतकानुशतके घातला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावात त्याचे दोन्ही धागे एकत्र येतात. तिथल्या मातीत नाणी निघतात, आणि माणसाची प्रत ठरवणारा मराठी परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध पारखीही तिथलाच.

तेरणेच्या काठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठण हे भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर सांगितले आहे. तगरचे कापड गाड्यांतून भडोचला जाई. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. पुढच्या उत्खननांत आणि त्याहून जास्त म्हणजे पावसाने धुतलेल्या पांढरीच्या मातीत मणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि नाणी सापडत गेली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी हयातभर जमवलेल्या अशा वस्तूंमधून गावातले शासकीय संग्रहालय उभे राहिले. पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगणारी स्त्रीमूर्ती तेरची म्हणून जगभर ओळखली जाते. नाण्यांना तेवढी कीर्ती नाही. सातवाहनांची ही नाणी बहुतेक शिशाची, तांब्याची किंवा पोटिन या मिश्रधातूची. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडलेले उज्जैन चिन्ह, आणि कडेने ब्राह्मी अक्षरे. तीही बहुधा अर्धीच.

ती अर्धी का, हे पुढच्या चर्चेसाठी महत्त्वाचे आहे. ठशाचा साचा मोठा आणि धातूची चकती लहान असल्यामुळे राजाचे पूर्ण नाव एका नाण्यावर क्वचितच मावते. एकावर आरंभीची अक्षरे उमटतात, दुसऱ्यावर शेवटची, तिसऱ्यावर मधली. अशी पाच-पंचवीस नाणी शेजारी ठेवून अभ्यासक नाव पुरे करतात. म्हणजे ठसा मध्यावर न बसलेली, बाजारात कमी मानली जाणारी नाणी एकत्र आली की, एकट्या देखण्या नाण्याला जे सांगता येत नाही ते सांगतात.

आजची प्रतवारीची पद्धत अमेरिकेत घडली. पीसीजीएस ही संस्था १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली. नाणे तिथे पोचले की मालकाचे नाव बाजूला ठेवून एकाहून अधिक तज्ज्ञ ते वेगवेगळे पाहतात. झीज, ओरखडे, चमक, ठशाची धार पाहून १ ते ७० मधला आकडा देतात, आणि नाणे क्रमांकासह प्लॅस्टिकच्या बंद कवचात घालतात. संग्राहक त्याला ‘स्लॅब’ म्हणतात. नाणे कुणी घासून चकचकीत केले असेल तर आकडा मिळत नाही, ‘साफ केलेले’ असा शेरा मिळतो. घरोघरी तांब्याची भांडी चिंचेने घासायची सवय असलेल्यांना हा शेरा अन्यायाचा वाटतो. पण शतकांनी चढलेला रंग एका दुपारी उतरतो आणि परत चढत नाही, हे खरेच आहे.

सत्तरच का? विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या अमेरिकन सेंट नाण्यांसाठी ही मोजपट्टी काढली, तेव्हा ७० प्रतीचे नाणे १ प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे असावे, अशी त्यांची कल्पना होती. भाव बदलले, गुणोत्तर मोडले, आकडे मात्र राहिले. शेल्डन व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ. १९४० च्या सुमारास त्यांनी माणसाच्या शरीराचेही तीन घटक धरून प्रत्येकाला १ ते ७ गुण देण्याची पद्धत मांडली आणि त्या आकड्यांवरून स्वभाव सांगता येतो असा दावा केला. तो सिद्धांत आज कुणी गंभीरपणे घेत नाही. नाण्यांची मोजपट्टी टिकली. शेल्डन यांच्या मृत्यूनंतर असे उघड झाले की अमेरिकन न्युमिझ्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट नाणी त्यांनी आपल्याकडच्या कमी प्रतीच्या नाण्यांशी गुपचूप बदलली होती. मोजपट्टी करणारा हात असा होता म्हणून मोजपट्टी खोटी ठरत नाही. पण डोळा तयार असणे आणि नियत साफ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून कळते; प्रमाणपत्र पाहणारा बहुधा एकीवरून दुसरी गृहीत धरतो.

शुल्क घेऊन नाणे पारखणे मात्र अमेरिकेची देणगी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘रूपदर्शक’ नावाचा नाणेपरीक्षक आहे आणि परीक्षेचे शुल्क शेकड्याला एक अष्टमांश ठरवलेले आहे. पेशवाईत हेच काम पोतदारांकडे होते. अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत असल्याने कोणत्या रुपयावर किती बट्टा बसतो हे सांगणाऱ्याशिवाय वसुलीचे पान हलत नसे.

या कौशल्याचे सर्वांत सूक्ष्म वर्णन एका बौद्ध ग्रंथात आहे. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात नाण्यांच्या राशीपुढे तिघे येतात. लहान मुलाला आकार आणि रंग दिसतो. गावकऱ्याला त्याबरोबर एवढेही कळते की ही वस्तू विकत घेण्याच्या उपयोगाची आहे. सराफ मात्र नाणे वाजवून, हुंगून, चाखून, हातात तोलून कोणते खरे, कोणते खोटे, कोणत्या गावी आणि कोणत्या कारागिराने ते पाडले, इथपर्यंत जाणतो. बुद्धघोषांना संज्ञा, विज्ञान आणि प्रज्ञा यांतला फरक समजावायचा होता. पण वाचताना जाणवते की त्यांनी सराफाला काम करताना नीट पाहिले असावे. त्याच सुमाराचा भर्तृहरी ‘वाक्यपदीया’त याला जोड देतो. रत्ने आणि नाणी यांचे जाणकाराला असलेले ज्ञान अनुमानातून येत नाही, केवळ अभ्यासातून येते, आणि ते दुसऱ्याला सांगून देता येत नाही, असे त्याचे म्हणणे.

भर्तृहरीचे हे म्हणणे खरे असेल तर प्रतवारीचा सारा उद्योगच अडचणीत येतो. सांगून देता न येणारे ज्ञान चिठ्ठीवर आकड्यात लिहून विकणे, हाच तो उद्योग आहे. जाणकाराने जे पाहिले ते आकड्यात उतरत नाही. त्याने पाहिले आणि तो समाधानी झाला, एवढीच बातमी उतरते. शिवाय कवच बसले की पारखीची बाकीची साधने बंद होतात. वाजवता येत नाही, चाखता येत नाही, वजनासाठीही चिठ्ठीवरच विसंबावे लागते. तगरच्या नाण्याला हे विशेष लागू आहे. शिशाचे अस्सल नाणे खणकत नाही, बद्द वाजते. चांदीच्या रुपयावर तयार झालेल्या कानाला ते खोटेच वाटेल. कोणत्या धातूकडून कोणत्या आवाजाची अपेक्षा करायची, हे कळण्यासाठी अशी पुष्कळ नाणी हाताखालून जावी लागतात.

आता मूळ वाद. मीमांसकांचे मत असे की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. ते झाले की खरेच धरायचे. खोटेपणा मात्र बाहेरून कळतो, एकतर त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान झाल्यावर किंवा साधनात दोष दिसल्यावर. प्रत्येक ज्ञानाला खरेपणासाठी दुसरे ज्ञान लागत असते, तर त्या दुसऱ्याला तिसरे लागले असते आणि या अनवस्थेला शेवट उरला नसता. कुमारिल भट्ट तर सांगतात की शंका आली तरी तीन-चार ज्ञानांपलीकडे जावे लागत नाही. प्रतवारीच्या संस्थाही साधारण तेवढ्याच तज्ज्ञांवर थांबतात, ही गंमत म्हणून नोंदवायला हरकत नाही. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते खरेपणा परतः, म्हणजे बाहेरून, ठरतो आणि त्याची कसोटी फलदायी प्रवृत्ती ही आहे. पाणी दिसले, माणूस गेला, प्याला, तहान भागली. तेव्हा ते पाण्याचे ज्ञान खरे. चलनातल्या नाण्याला ही कसोटी चपखल बसते. बाजारात दिले, दुकानदाराने घेतले, विषय संपला.

संग्रहातल्या नाण्याची गोची इथेच आहे. ते चलनातून निवृत्त झाले आहे. त्याने काही विकत घेता येत नाही, म्हणून नैयायिकांची कसोटी त्याला उरली नाही. उरतो तो एकच व्यवहार, त्या नाण्याचीच विक्री. आणि तीही बहुधा अशा माणसाला, ज्याने ते नाणे हातात घेतलेले नाही. प्रमाणपत्राची गरज या फटीत जन्मते. मीमांसकांच्या भाषेत, जिथे दोषाचे खरोखर कारण आहे तिथे शंका रास्त आणि तिच्यासाठी परीक्षाही रास्त. जिथे कारण नाही, तिथे प्रमाणपत्र मागणे म्हणजे अनवस्थेला आवतण देणे. आणि ती अनवस्था बाजारात डोळ्यांनी दिसते: आकडा मनासारखा न आल्याने कवच फोडून तेच नाणे पुन्हा पाठवणारे आहेत, आणि दुसऱ्या खेपेला वेगळा आकडा मिळाल्याची उदाहरणेही आहेत. झीज सलग होत जाते, आकडे पायऱ्यांचे आहेत. ६४ आणि ६५ यांच्यामधली रेघ नाण्यावर कुठेच नसते, भावात मात्र ती मोठी दिसते.

मराठी संतपरंपरेने माणसाच्या बाबतीत हाच प्रश्न दोन कथांत मांडला आहे, आणि योगायोग असा की त्या ‘पेरिप्लस’मध्ये शेजारी आलेल्या दोन नगरांत घडतात. पहिली पैठणची. संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांची मुले म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने जवळ केले नाही. पैठणहून शुद्धिपत्र आणा, असे सांगितले. पैठणला रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे, आणि मग शुद्धिपत्र मिळाले. त्या पत्राने ज्ञानदेवांच्या अंगी काही भर घातली, असे परंपरा कुठेही म्हणत नाही. ते ज्यांना दाखवायचे होते त्यांच्यासाठी होते. ज्या समाजात पत्राशिवाय उठबस होत नव्हती, त्या समाजातले ते चलन होते. देणाऱ्यांचा अधिकार त्यांच्या जागेमुळे होता, डोळ्यामुळे नव्हे. वेद म्हणणारा रेडा समोर असताना कागद लिहायचा, यातला विनोद परंपरेच्या लक्षात आलेला नसेल असे मानवत नाही.

दुसरी कथा तेरची. परंपरेने १२६७ ते १३१७ हा काळ दिलेले गोरोबाकाका संतमंडळीत वयाने वडील, व्यवसायाने कुंभार. संत जमले असता मुक्ताईने त्यांच्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे कशासाठी? मडके कच्चे की पक्के ते कळावे म्हणून, असे उत्तर मिळाल्यावर ती म्हणाली, मग इथली मडकी पारखा. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. बाकीचे स्वस्थ बसले, नामदेव चिडले. निकाल लागला: हे मडके कच्चे. महिपतींच्या ‘भक्तविजया’त ही कथा सविस्तर आली आहे. नामदेव तक्रार घेऊन पंढरपूरला विठ्ठलाकडे गेले. तिथेही निकाल फिरला नाही. विसोबा खेचरांकडे जा, असे सांगण्यात आले.

पैठणची परीक्षा आणि तेरची परीक्षा यांत सारखेपणा फक्त नावाचा. गोरोबांच्या हाती ना पीठ होते ना पद. त्यांचा अधिकार कारागिराचा, भर्तृहरी म्हणतो तसा अभ्यासातून आलेला. कागद कुणाला मिळाला नाही. आणि परीक्षेचा मारा हाच परीक्षेचा भाग होता: थापटणे बसल्यावर काय होते, तेच पाहायचे होते. नाण्याच्या परीक्षेत याउलट. नाणे परीक्षकाच्या हातून जसेच्या तसे सुटले पाहिजे, बोटाचा डागही पडता कामा नये. सर्वांत मोठा फरक निकालानंतर दिसतो. कच्चे मडके आव्यात घालता येते. नामदेव औंढ्या नागनाथला विसोबांकडे गेले, पुढे पंजाबपर्यंत पोचले, आणि त्यांची ६१ पदे ‘गुरू ग्रंथसाहिबा’त आहेत. नाण्याला असे पुढे जाणे नाही. त्याची प्रत टिकते किंवा उतरते, चढत नाही. चढवण्याचा प्रत्येक प्रयत्न, घासणे, तेल लावणे, खोलगटपणा भरून काढणे, तिला खालीच आणतो. म्हणून माणसाला ‘कच्चा’ म्हणणे हा रस्ता दाखवणारा निकाल असू शकतो. नाण्याला कमी आकडा देणे हे फक्त वर्णन राहते. माणसांना नाण्यासारखे आकडे देऊ पाहणाऱ्या शेल्डन यांची चूक नेमकी इथे होती.

नाण्याची प्रतवारी पैठणच्या जातीची आहे, हे एकदा मान्य केले की निर्णय बराच सोपा होतो. अनोळखी माणसाशी व्यवहार आहे का, आणि त्याला शंकेचे खरे कारण आहे का, एवढेच पाहायचे. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया घ्या. तो दुर्मिळ म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्याच्या नकला बाजारात फिरतात. घेणारा साशंक असणारच. अशा नाण्याला चांगल्या संस्थेचे कवच असणे मालकाच्या हिताचे आणि घेणाऱ्याच्याही. आजोबांच्या पेटीतले, घरातच राहणारे आणि त्याच्याशी जोडलेल्या आठवणीमुळे मोलाचे असलेले नाणे पाठवण्यात काही अर्थ नाही. त्यावर कुणालाच शंका नाही. आणि जो संग्राहक स्वतः शिकू पाहतो, त्याने निदान काही नाणी कवचाबाहेर, हाताळता येतील अशी ठेवली नाहीत तर त्याचा डोळा कधी तयार होणार नाही.

सातवाहन नाण्यांचा हिशेब आणखी वेगळा. साध्या पोटिनच्या नाण्याला बाजारात काही शे रुपये येतात, आणि परदेशी प्रतवारीचा खर्च त्याहून सहज जास्त. प्राचीन नाण्यांना एनजीसी ७० चा आकडा देतही नाही. अक्षरी प्रत देऊन ठसा आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी गुण देते. ही पद्धत अधिक समंजस आहे, तरी तिच्यातही पाहणारा डोळा संग्राहकाचाच. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर उज्जैन चिन्ह उमटलेले असे नाणे निव्वळ पृष्ठभागाच्या मोजपट्टीने पाहिले तर विद्रूप झालेले. इतिहासाच्या दृष्टीने तो दुसरा घाव म्हणजेच पुरावा: एका राजाने दुसऱ्याचे राज्य घेतले आणि त्याचा पैसा आपला करून पुन्हा चालवला. त्या काळच्या बाजारात तो ठसा हेच प्रमाणपत्र होते.

इथे कायदाही आड येतो, आणि योग्यच येतो. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमोल कलावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. प्रतवारी करून परत आणू, ही सबब चालत नाही. १९३९ च्या रुपयाला हे बंधन अजून नाही, सातवाहन नाण्याला आहे. जमिनीत सापडलेले धन दहा रुपयांहून अधिक मोलाचे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. तेरच्या शिवारात नांगरटीत नाणे वर आले तर प्रश्न आकड्याचा नसतोच.

तेव्हा जे लिहून ठेवायचे ते निराळे: नाणे कोणत्या गटातल्या कोणत्या बांधाजवळ सापडले, किती खोल, सोबत खापरे होती का आणि कोणत्या रंगाची, वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे. स्लॅबच्या चिठ्ठीवर यासाठी रकाना नाही. ही माहिती हरवली की तेरचे नाणे आणि बाजारातले कुठलेही सातवाहन नाणे यांत फरक उरत नाही. पांढरीच्या कोणत्या थरात कोणत्या राजाचा पैसा चालत होता, हे सांगणारा तुकडा निव्वळ शोभेची वस्तू होतो. नोंदीसह नाणे गावच्या संग्रहालयात दाखवणे हीच त्याची पहिली पारख. तोवर ते घासू नये, आम्लमुक्त कागदात ठेवावे, आणि शिशाचे असेल तर लाकडी पेटीत मुळीच ठेवू नये. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडते आणि हळूहळू अक्षरांसकट त्याचा भुगा होतो.